अहवालातला बाण आणि सोमवारचे इंजेक्शन

वाचकाचे पत्र : मी ४७ वर्षांचा आहे. गेले वर्षभर सतत थकवा असतो, दुपारनंतरचे काम अक्षरशः रेटावे लागते, उगाच चिडचिड होते, पोट सुटले आहे आणि पत्नीजवळ जाण्याची इच्छा जवळजवळ उरलेली नाही. रात्री मी फार घोरतो, असे ती म्हणते. व्यायामशाळेतल्या एका मित्राच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची (हार्मोनची) तपासणी करून घेतली. त्याआधी आठवडाभर तापाने अंथरुणाला खिळलो होतो, पण तपासणीच्या वेळी बरा होतो. आकडा २८४ आला. सोबत अहवालाची प्रत जोडली आहे; आकड्यापुढे खाली जाणारा बाण आहे. एका क्लिनिकने दर दोन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यायला सांगितले असून ‘आता हे कायमचे’ असेही बजावले आहे. पहिले इंजेक्शन पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी आहे. इंजेक्शनांमुळे आपण दहा वर्षांनी तरुण झालो, असे मित्र सांगतो. मी घ्यावे का? हृदयाला धोका असतो का? प्रोस्टेटचा कर्करोग होतो म्हणतात, ते खरे आहे का? आणखी एक : आमचे लग्न उशिरा झाले. पत्नी ३६ वर्षांची आहे आणि आठ महिन्यांपासून आम्ही मुलासाठी प्रयत्न करत आहोत. त्यासाठीही या इंजेक्शनाचा उपयोग होईल, असे मी धरून चाललो आहे.

उत्तर : तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मी आधी हाती घेतो. तुम्ही ते जाता जाता लिहिले आहे, पण तुमच्या निर्णयात सर्वांत जड तेच आहे. टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनाने मूल होण्यास मदत होत नाही. उलट, ते घेत असताना बहुतेक पुरुषांच्या शरीरात शुक्रजंतू तयार होणे जवळजवळ थांबते, आणि पुष्कळांच्या वीर्यतपासणीत काही महिन्यांत ही संख्या शून्यावर येते.

असे का होते, हे समजून घेतले तर पुढचे बरेच काही आपोआप उलगडेल. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वृषणांना दोन संप्रेरकांच्या रूपाने निरोप धाडत असते. एलएच या पहिल्या संप्रेरकामुळे वृषणांतल्या विशिष्ट पेशी टेस्टोस्टेरॉन तयार करतात आणि एफएसएच या दुसऱ्यामुळे शुक्रजंतूंच्या निर्मितीला बळ मिळते. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसे आहे असे दिसले की मेंदू हे निरोप कमी करतो. बाहेरून इंजेक्शन दिल्यावर रक्तातली पातळी वाढते, मेंदूला सारे आलबेल वाटते, निरोप बंद होतात आणि वृषणे स्वस्थ बसतात. शुक्रजंतू तयार होण्यासाठी वृषणांच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पट अधिक टेस्टोस्टेरॉन लागते आणि ते तिथेच तयार व्हावे लागते, दंडात किंवा कमरेत टोचलेल्या औषधाने तिथली उणीव भरून निघत नाही. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठीचे गर्भनिरोधक म्हणून आठवड्याला एक टेस्टोस्टेरॉन इंजेक्शन देऊन अभ्यास केला आणि १९९० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जे औषध संततिनियमनासाठी पारखले गेले, तेच तुम्ही संततीच्या आशेने घ्यायला निघाला आहात.

औषध थांबवल्यावर बहुतेकांची संख्या परत वाढते हे खरे, परंतु त्याला सहा महिने लागू शकतात, कधी दोन वर्षेही लागतात, आणि थोड्या पुरुषांत ती पूर्ववत होतच नाही. तुमची पत्नी ३६ वर्षांची आहे. तिच्या दृष्टीने यातला प्रत्येक महिना मोलाचा आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जोडपे आले होते. पत्नीच्या हातात जाडजूड फाईल होती, तिच्या सोनोग्राफी, रक्ततपासण्या, गर्भनलिकांची तपासणी, सारे काही त्या फाईलमध्ये होते. पतीच्या नावाचा एकच कागद सर्वांत मागे लावलेला होता, वीर्यतपासणीचा, आणि त्यावर शुक्रजंतूंच्या रकान्यात ‘आढळले नाहीत’ असे लिहिले होते. कोणती औषधे घेता, या प्रश्नाला त्यांनी ‘कोणतीच नाही’ असे उत्तर दिले. काही इंजेक्शने घेता का, असे वेगळे विचारल्यावर मात्र, ताकदीसाठी दोन वर्षांपासून घेतो आहे, असे त्यांनी सहज सांगितले. ज्यांनी ती सुरू केली त्यांनी मुलांचा विषय काढला नव्हता, आणि या गृहस्थांच्या लेखी ते औषधच नव्हते. त्या बाईंचा चेहरा मी विसरलेलो नाही. म्हणूनच तुमचे पत्र वाचून झाल्यावर मी ते बाजूला ठेवू शकलो नाही.

आता तुमचा अहवाल. बाण तुम्ही पाहिलात, पण त्याच कागदाच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नमुना घेतल्याची वेळ छापली आहे : सायंकाळी ६.२०. टेस्टोस्टेरॉन पहाटे आणि सकाळी सर्वाधिक असते आणि दिवस चढेल तसे उतरत जाते. तिशी-चाळिशीतल्या पुरुषांत दुपारनंतरचा आकडा सकाळच्यापेक्षा वीस ते पंचवीस टक्क्यांनी कमी भरू शकतो. जेवणानंतरही तो खाली येतो. आजारपणात आणि त्यानंतरच्या काही दिवसांत तर शरीर हे काम मुद्दामच आवरते घेते, आणि तुम्ही आठवडाभर तापात होता. संध्याकाळी, खाल्ल्या-प्यायल्या पोटी, आजारातून उठल्या उठल्या आलेल्या २८४ या एकाच आकड्यावर आयुष्यभराचे औषध सुरू करणे मला अजिबात मान्य नाही.

शिवाय तो बाण कोणी काढला, यावरही बरेच अवलंबून असते. अमेरिकेतल्या मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही सीमारेषा धरली. त्याच वर्षी तिथल्या संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेने १९ ते ३९ वयोगटातल्या निरोगी, स्थूल नसलेल्या पुरुषांच्या मोजमापांवरून २६४ ही खालची मर्यादा सांगितली. तुमचा आकडा एका रेषेच्या खाली आणि दुसरीच्या वर आहे. या दोन्ही संघटनांचे ज्या बाबतीत एकमत आहे ती बाब मात्र ठाम आहे : किमान दोन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी, आकडा कमी आला पाहिजे आणि त्याला साजेशी लक्षणेही असली पाहिजेत. तेव्हा पूर्ण बरे वाटू लागल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, रात्रभर झोप झालेली असताना, सकाळी सात ते दहाच्या दरम्यान उपाशीपोटी नमुना द्या, आणि काही दिवसांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा द्या.

त्या वेळी एसएचबीजी या प्रथिनाचीही तपासणी करून घ्या. रक्तातले बरेचसे टेस्टोस्टेरॉन या प्रथिनाला घट्ट बांधलेले असते आणि वजन वाढले की हे प्रथिन घटते. त्यामुळे पोट सुटलेल्या पुरुषाचा एकूण आकडा कमी दिसतो, पण शरीराला प्रत्यक्ष वापरता येणारे मुक्त टेस्टोस्टेरॉन पुरेसे असू शकते. तुमच्या बाबतीत ही शक्यता खरीखुरी आहे.

लक्षणांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथेच सर्वांत अधिक गफलत होते. थकवा, चिडचिड, कामात मन न लागणे ही लक्षणे मध्यमवयातल्या कोणत्या पुरुषाला कधी ना कधी जाणवत नाहीत? युरोपातल्या आठ केंद्रांत ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांचा अभ्यास झाला आणि तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अनेक तक्रारी पडताळून पाहिल्यावर कमी टेस्टोस्टेरॉनशी एकत्रितपणे ठळक नाते तिनांचेच दिसले : पहाटे जाग येताना असणारी ताठरता क्वचित होणे, कामेच्छा कमी होणे आणि संबंधाच्या वेळी ताठरता न येणे किंवा न टिकणे. ही तीनही लक्षणे आणि रक्तातली कमतरता असे दोन्ही असलेले पुरुष शंभरात सुमारे दोनच निघाले. वय वाढते तसे टेस्टोस्टेरॉन हळूहळू घटते, वर्षाला साधारण एक टक्का, पण म्हणून प्रत्येकाला आजार जडतो असे मुळीच नाही.

तुम्ही इच्छेबद्दल लिहिले आहे, उरलेल्या दोन गोष्टींबद्दल नाही. मी तुम्हाला संकोचात टाकू इच्छित नाही, पण डॉक्टरांना त्या स्पष्ट सांगा. पहाटेची ताठरता पूर्वीसारखीच असेल तर संप्रेरकाच्या मोठ्या कमतरतेची शंका बरीच कमी होते. आणि ताठरतेचीच अडचण असेल, तर रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉन तपासल्याशिवाय राहू नका. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे पुढे हृदयाला होणारा त्रास कित्येकदा काही वर्षे आधी तिथे जाणवतो.

समजा, सकाळचे दोन्ही आकडे कमीच आले. तरीही पुढचा प्रश्न इंजेक्शनाचा नसून कारणाचा आहे, आणि तुमच्या अहवालात कारण शोधण्याचा काडीइतकाही प्रयत्न दिसत नाही. एलएच आणि एफएसएच मोजल्यावर दोष कुठे आहे ते कळते. हे दोन्ही वाढलेले असतील तर मेंदू निरोप देऊन थकला आहे आणि वृषणेच प्रतिसाद देत नाहीत असा त्याचा अर्थ होतो. गालगुंडाच्या आजारात वृषणांना आलेली सूज, जुनी इजा, कर्करोगावरचे उपचार किंवा जन्मतःच एक्स गुणसूत्र जास्त असणे ही त्याची कारणे असू शकतात. क्लाइनफेल्टर सिंड्रोम नावाची ही शेवटची स्थिती साधारण सहाशे पुरुषांत एकाला असते आणि कित्येकदा मूल होत नाही म्हणून केलेल्या तपासणीतच पहिल्यांदा उघड होते. उलट एलएच कमी किंवा बेताचे असेल तर नजर वर, म्हणजे मेंदू आणि पीयूषिका ग्रंथीकडे वळवावी लागते. अशा वेळी पीयूषिकेतून स्रवणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक नक्की मोजावे. पीयूषिका ग्रंथीतल्या एका साध्या, कर्करोग नसलेल्या गाठीमुळे ते वाढते, कामेच्छा पार मावळते, आणि बहुतेकदा ही गाठ नुसत्या गोळ्यांनी आटोक्यात येते. इंजेक्शन घेऊन आकडा वर नेला असता तर ती गाठ तशीच राहिली असती. शरीरात साठलेले अतिरिक्त लोह, अफूजन्य वेदनाशामके, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स आणि अतिमद्यपान यांनीही टेस्टोस्टेरॉन घटते. व्यायामशाळेत पूर्वी कधी स्नायू वाढवण्याची औषधे घेतली असतील तर तेही लपवू नका.

पण तुमच्या पत्रावरून मला खरा संशय येतो तो घोरण्याचा आणि पोटाचा. टेस्टोस्टेरॉनचा मोठा वाटा झोपेत तयार होतो. निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री फक्त पाच तास झोपू दिले तेव्हा त्यांची दिवसाची पातळी १० ते १५ टक्क्यांनी उतरल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दिसले होते. मोठ्याने घोरणाऱ्या, दिवसभर पेंगुळलेल्या आणि वजन वाढलेल्या माणसाला झोपेत श्वास अडकण्याचा विकार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, असण्याची शक्यता बरीच असते. पत्नीला एकच प्रश्न विचारा : घोरता घोरता माझा श्वास मध्येच थांबतो का, आणि मग मी दचकून पुन्हा श्वास घेतो का? उत्तर ‘हो’ असेल तर झोपेची रीतसर चाचणी आधी करा. तुमचा थकवा, चिडचिड आणि मंदावलेली इच्छा ही तीनही त्या एका विकारातून उद्भवू शकतात, आणि उपचार न केलेला तीव्र स्लीप अ‍ॅप्निया असताना टेस्टोस्टेरॉन देऊ नये असेच तज्ज्ञ सांगतात.

पोटाचेही तसेच आहे. चरबीच्या पेशी टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकात करतात आणि स्थूलपणात मेंदूचे निरोपही क्षीण होतात. त्यातून स्नायू घटतात, उत्साह ओसरतो, हालचाल कमी होते आणि चरबी आणखी साचते. वजन उतरले की हा फेरा उलटा फिरतो आणि शरीर स्वतःचे टेस्टोस्टेरॉन पुन्हा वाढवू लागते, वृषणे बंद न पाडता. हा मार्ग संथ आहे, चिकाटीचा आहे, आणि तुमच्या परिस्थितीत मला तोच सर्वांत विश्वासाचा वाटतो.

थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर आणि बी-१२ या तपासण्या करून घ्याच, त्यावर अधिक लिहीत नाही. नैराश्याबद्दल मात्र विचारायला हवे. पूर्वी आवडणाऱ्या कशातच आता गोडी वाटत नाही, पहाटे लवकर जाग येऊन मन बुडाल्यासारखे होते, असे काही होत असेल तर तोही एक आजार आहे, त्यावर चांगले उपचार आहेत, आणि त्यातही कामेच्छा पहिल्यांदा जाते.

हृदयाच्या भीतीबद्दल आता काही वर्षांपूर्वीपेक्षा खात्रीने बोलता येते. हृदयरोग असलेल्या किंवा त्याचा धोका अधिक असलेल्या, ४५ ते ८० वयाच्या पाच हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या ‘ट्रॅव्हर्स’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण टेस्टोस्टेरॉन जेल लावणाऱ्यांत ७.० टक्के आणि नुसते औषधविरहित जेल लावणाऱ्यांत ७.३ टक्के होते, म्हणजे जवळजवळ सारखेच. तथापि हृदयाचे ठोके अनियमित होणे, फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकणे आणि मूत्रपिंडाला अचानक इजा होणे हे प्रकार टेस्टोस्टेरॉनच्या गटात काहीसे अधिक दिसले, आणि हाडे मोडण्याचे प्रमाणही, सर्वांच्या अपेक्षेविरुद्ध, त्याच गटात जास्त निघाले. यातली एक गोष्ट विसरू नका : या चाचणीतल्या पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन दोनदा मोजून ३०० च्या खाली आढळले होते आणि त्यांना लक्षणे होती. तिचा दिलासा त्यांना लागू होतो, एका संध्याकाळच्या आकड्यावर सुई टोचून घेणाऱ्याला नव्हे.

प्रोस्टेटची भीती जुनी आहे. पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग वृषणे काढल्यावर मागे हटतो, हे शल्यचिकित्सक चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले आणि त्यावरून, टेस्टोस्टेरॉन दिले तर कर्करोग होणारच, असा उलटा निष्कर्ष लोकांनी काढला. ‘ट्रॅव्हर्स’मध्ये काळजीपूर्वक निवडलेल्या पुरुषांत आक्रमक कर्करोगाचे प्रमाण लक्षणीय वाढलेले दिसले नाही. तरीही आधीपासून असलेला कर्करोग या औषधाने डिवचला जाऊ शकतो, म्हणून सुरू करण्यापूर्वी पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारे एक प्रथिन) तपासणे आणि पुढेही त्यावर लक्ष ठेवणे भाग आहे. रक्त दाट होणे हा इंजेक्शनांचा नेहमी आढळणारा दुष्परिणाम आहे. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेले तर औषध थांबवावे लागते. तुमच्या क्लिनिकने ना पीएसए पाहिले, ना हिमॅटोक्रिट. तिथे पुन्हा जाऊ नये असे मला वाटण्याला एवढे कारण पुरेसे आहे.

तुमच्या मित्राला मी खोटे ठरवत नाही. ज्यांच्यात खरोखरच मोठी कमतरता असते त्यांच्यासाठी हे औषध फार उपकारक आहे, इच्छा परतते, रक्तक्षय सुधारतो, मन उभारी धरते, आणि अशा पुरुषाला ते नाकारणे अन्यायच होईल. पण पासष्टीपुढच्या ७९० पुरुषांवरच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत कामेच्छा आणि ताठरता यांत मध्यम सुधारणा दिसली, तर थकव्यात फारसा फरक पडला नाही. तुम्ही मुख्यतः थकव्यासाठी हे घ्यायला निघाला आहात. दोन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या इंजेक्शनात आणखी एक अडचण असते, पहिल्या काही दिवसांत पातळी उसळते आणि दुसरा आठवडा संपत येतो तशी घसरते, आणि तिच्याबरोबर मनही वरखाली होते.

‘आता हे कायमचे’ या वाक्याचा अर्थ तुम्हाला कोणी समजावला नसावा. बाहेरचे औषध सुरू झाल्यावर स्वतःची निर्मिती थांबते, मग मध्येच औषध सोडले की ती पुन्हा सुरू होईपर्यंत काही आठवडे किंवा महिने माणूस पूर्वीपेक्षाही गळून जातो, आणि साहजिकच त्याला वाटते की याच्यावाचून आपले चालत नाही. ज्याची वृषणे मुळातच निकामी आहेत त्याला औषध आयुष्यभर लागते. ज्याची नुसती मंदावलेली आहेत, त्याला ते औषधच आयुष्यभराचे बांधून घेऊ शकते.

तुमच्यासाठी मग काय करावे? संप्रेरकतज्ज्ञ गाठा आणि मूल हवे आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. वीर्यतपासणी लगेच करून घ्या. पत्नीचे वय पस्तिशीपुढचे असेल तर सहा महिन्यांच्या प्रयत्नांनंतर दोघांचीही तपासणी सुरू करावी असा संकेत आहे, आणि तुमचे आठ महिने झाले आहेत, म्हणून तिने याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटणे योग्य. तुमचे टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी निघाले आणि मेंदूकडचे निरोपच कमी पडत असतील, तर क्लोमिफिन किंवा एचसीजी यांसारखी औषधे वृषणांकडूनच काम करवून घेतात आणि शुक्रजंतूंची निर्मिती चालू राहते. ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. मूल झाल्यावर, तुम्हा दोघांना पुढे आणखी मूल नको असे ठरल्यावर, आणि कमतरता तरीही टिकून असेल तर टेस्टोस्टेरॉनचा विचार जरूर करा. त्या वेळी मीही तुम्हाला अडवणार नाही.

एक गोष्ट राहिली. पत्नीजवळ जाण्याची इच्छा उरलेली नाही, हे तुम्ही मला लिहिलेत, तिला सांगितले आहे का? सांगितले नसेल तर ती ते आपल्या अंगावर ओढून घेत असण्याची शक्यता मोठी आहे, आणि एकीकडे मुलासाठी प्रयत्न चालू असताना तो भार तिला एकटीने वाहावा लागू नये. हा अहवाल तिच्यासमोर ठेवा, कोपऱ्यातली वेळ दाखवा, घोरण्याचा तो प्रश्न विचारा, आणि सोमवारचे इंजेक्शन रद्द करण्याचा फोन तिच्या देखत करा.